बशीतली अर्धी कॉफी

एकतीस वर्षं मी एसटी स्टँडवर माइकवर बोललो. कराड, फलाट क्रमांक एक ते अठरा. 'प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे' म्हटलं की तीनचारशे माणसं माना वर करायची, हातातला वडा हातातच राहायचा. उलट कुणी कधी बोललं नाही. बोलणार कुठे? कर्णा छपराला आणि मी काचेच्या खोलीत. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे 'म्हातारा फार बोलतो बुवा' असं नंतर म्हणू नका. म्हणालात तरी हरकत नाही, घरातही तेच म्हणतात. मी निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या जागी मशीन बसवलं, आणि तेव्हापासून मशीन म्हटलं की माझं डोकं फिरतं.

माझं नाव हणमंत शेवाळे. बायको वैजयंता, सव्वीस वर्षं अंगणवाडी सांभाळलेली. आमची ऋतुजा पुण्यात असते. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली म्हणून तिने आम्हाला बोटीच्या सहलीला पाठवायचं ठरवलं. मी म्हटलं, पस्तीस होऊ दे की, आकडा तरी बरा दिसेल. तर म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं एकदा निवांत बोला." आता मी काय घरात मुकाट बसतो का? पण लेकीपुढे कोण बोलणार.

बोटीचं नाव 'जलमोहिनी'. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीप, कोची आणि परत, सात दिवस. आमच्या कराडचा अख्खा स्टँड तिच्या एका मजल्यावर मावला असता. वैजूने नेहमीप्रमाणे प्रत्येक बॅगेला हिरव्या खणाची चिंधी बांधली होती, गर्दीत आपलं सामान ओळखू यावं म्हणून. चढताना प्रत्येकाला मनगटाचा एक पट्टा, कानात घालायचं एक बोंडूक आणि साधा दिसणारा चष्मा दिला. दोघांचे पट्टे हुबेहूब सारखे. वैजूने तिथंच पिशवीतून लाल दोरा काढला आणि आपल्या पट्ट्याला बांधून टाकला.

पहिल्या संध्याकाळी आम्ही कठड्याशी उभे होतो. किनारा मागे गेला होता. वैजू पाण्याकडे बघत म्हणाली, "मी आठ वर्षांची असताना, दाभोळच्या खाडीत..."

मी म्हटलं, अगं खाडी वेगळी आणि समुद्र वेगळा, आणि समुद्राचं म्हणशील तर आमची डेपोची सहल मालवणला गेली होती तेव्हा गाडी फोंडा घाटात बंद पडली आणि मी चाळीस माणसांना गाणी म्हणायला लावली. हा किस्सा मी तिला या आधी दहा वेळा तरी सांगितला असेल. तिने अकराव्यांदा ऐकला. ती ऐकते छान, हे कुणीही सांगेल.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या काउंटरवर शेफाली तांडेल भेटली. तिशीतली, वसईकडची, बोटीवरच्या 'मनपसंत' नावाच्या यंत्रणेचं सगळं तिच्याकडे होतं. मी तिला सरळ विचारलं की हे कानात काय घुसवलंय. तिने नीट समजावलं, हे कबूल करायला पाहिजे. मेंदूत चालणारी वीज कानाच्या आतल्या कातडीवरही अगदी बारीक उमटते. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले पाचदहा, एवढीच. समोर काही हवंसं आलं की साधारण एक तृतीयांश सेकंदात त्या विजेला एक उंचवटा येतो. 'मला हे आवडलं' असं तुमचं तुम्हाला कळायच्या आत तो येऊन जातो. कानातलं बोंडूक तो टिपतं, मनगटाचा पट्टा नाडी आणि घाम मोजतो आणि कुणाचं मोजमाप आहे ते लक्षात ठेवतो.

कॉफीचंही तसंच. भाजलेल्या कॉफीच्या वासात म्हणे आठशेच्या वर रसायनं असतात, पण नाक तिला ओळखतं ते पंचवीसतीस रसायनांवरून. मशीनमध्ये अशा वासांच्या चाळीस कुप्या होत्या. पहिला कप अंदाजाने मिळायचा. तुम्ही घोट घेतलात की उंचवटा किती आला ते बघून मशीन दुसऱ्या कपात थोडा बदल करायचं. शेफाली म्हणाली, धुक्यात गड चढायचा झाला तर शिखर दिसत नाही, पण पायाखाली चढ कुठल्या बाजूला आहे ते कळतं, तेवढ्यावर माणूस वर पोचतो. सहासात कपांत मशीन तुमच्या शिखरावर पोचतं. मी म्हटलं, माझं शिखर मला पाठ आहे, जायफळ घातलेली दुधाची कॉफी, साखर जरा पुढे. तिसऱ्याच कपाला ती हजर झाली. अगदी आमच्या घरच्यासारखी.

मग मी सवयीने बशी मागितली.

ही आमची जुनी पद्धत आहे. लग्नानंतर पाटणला बिऱ्हाड हलवलं तेव्हा आहेरात आलेला कपबशांचा खोका एसटीच्या टपावर ठेवला होता. घाटात तो असा आपटला की उतरवून बघितलं तर एक कप आणि एक बशी शाबूत. तेव्हापासून कॉफी एकाच कपात. मी कपातून प्यायची, अर्धी बशीत ओतून वैजूला द्यायची. पुढे घरात डझनावारी कप आले, पण चारच्या कॉफीला कप एक आणि बशी एक. लोकांना गंमत वाटायची, मला अभिमान वाटायचा.

बोटीवर बशाच नव्हत्या. शेफाली म्हणाली, काका, इथे कुणाचा कप कुणाला चालत नाही ना, प्रत्येकाचा वेगळा असतो. वैजूने आपला कप घेतला आणि कठड्याशी जाऊन उभी राहिली. तिचा पाचवा कप असेल. मी मागून गेलो आणि तिच्या कपातला एक घोट घेतला. आयला, काय ती कॉफी! दूध नाही, गुळाची चव, आणि वर चुलीचा धूर. मी म्हटलं, वैजू, तुझं मशीन बिघडलंय, तक्रार करू. ती म्हणाली, "नाही हो. बरोबर लागलीय." आणि तिने दोन्ही हातांनी कप धरून शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही वेगवेगळ्या कपांतून कॉफी घेतली, आणि मला तिथं उभं राहून उगाचच परक्यासारखं वाटायला लागलं.

खरी कमाल पुढेच होती. रोज संध्याकाळी पाच वाजता नाट्यगृहात करमणूक असायची. नऊशे खुर्च्या, समोर रिकामा रंगमंच. प्रत्येकाने चष्मा चढवायचा, कानात बोंडूक घालायचं, आणि प्रत्येकाला आपापला खेळ दिसायचा. कॉफीसारखाच, तुम्हाला काय भावतं ते टिपत टिपत बनत जाणारा. पाहिजे तर आपणही पुटपुटायचं, खेळातली माणसं उत्तर द्यायची. माझ्या खेळात पहिल्या दिवशी ऑर्केस्ट्रा होता. दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रा कमी झाला आणि निवेदक वाढला. तिसऱ्या दिवशी निवेदक मीच. समोर हजार माणसं, आणि मी म्हणेन त्याला मान डोलवत होती. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पण मध्येच मी चष्मा काढला, आणि तो काढायला नको होता. नऊशे माणसं अंधारात मांडीला मांडी लावून बसलेली. इकडे एकजण हसतोय, दहा खुर्च्या सोडून एक बाई डोळे पुसतेय, मागे कुणी टाळी वाजवतंय. एकाच्या हसण्यात दुसऱ्याचं हसणं मिसळत नव्हतं. मी आयुष्यभर गर्दीत काढलेला माणूस, पण इतकी एकेकटी गर्दी मी पाहिली नव्हती. शेजारी वैजू बसली होती. तिचे ओठ हलत होते. न थांबता, भराभरा, मधूनच हसत ती कुणाशी तरी बोलत होती. माझ्याशी ती इतकं कधी बोलली होती ते मी आठवून बघितलं, आणि मला आठवेना.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाहेर आल्यावर विचारलं, कोण असतं तुझ्या खेळात? ती म्हणाली, असतं कुणीतरी. हिरो आहे का कुणी? त्यावर ती नुसती हसली. साठीच्या बायकोवरून चौसष्टाव्या वर्षी मत्सर करायचा म्हणजे लाजच आहे, पण मला झाला. त्यात शेफालीने सांगितलं की शेवटच्या दिवशी सकाळी सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतात. मनपसंत घरी न्यायचं की बोटीवरचं मोजमाप पुसून टाकायचं, ते त्यावर लिहायचं. वैजूने फॉर्म आधीच मागून घेतला होता आणि तिच्या पर्समध्ये घडी करून ठेवला होता. ते बघून माझी पाचावर धारण बसली. हे मशीन घरात आलं तर आमच्या चारच्या कॉफीचं काय? तिने एकदा त्या कुणाशी तरी रोज बोलायला सुरुवात केली की मी कुणाशी बोलू?

पाचव्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना दोन्ही पट्टे बेसिनवर साबणाच्या ताटलीत पडले होते. मी तिच्या पट्ट्याचा लाल दोरा सोडला आणि माझ्या पट्ट्याला बांधला. चोरी ती चोरीच, सफाई देत नाही. संध्याकाळी ती लाल दोऱ्याचा माझा पट्टा घालून बसली, आणि मी तिचा.

चष्म्यात आधी नुसतं पाणी आलं. ओहोटीचं, गढूळ. एका जुन्या होडीची कड, रंग उडालेली. होडी वाळूत रुतून तिरकी झाली होती. दुसऱ्या टोकाला एक म्हातारा पाठमोरा बसला होता, डोक्याला पंचा. समोर तीन दगडांची चूल, त्यावर काळं पडलेलं भांडं. म्हाताऱ्याचं तोंड दिसेना. मी मान वाकडी करून बघितलं, तर तिथं तोंडच नव्हतं, नुसता धूर. वैजूला आठवत नसणार, म्हणून मशीनने काढलंच नव्हतं. हिरो कसला, च्यायला.

मग तो म्हातारा मागे न बघता म्हणाला, "काल होडी रुतली तिथवर सांगितलंस. मग गो?"

एवढं बोलून तो थांबला.

मला वाटलं आता पुढे काहीतरी होईल. होडी हलेल, कुणी गाणं म्हणेल. काही झालं नाही. तो थांबला होता. मी काय सांगणार? होडी कुणाची, वैजू तिथं कशी गेली, रुतल्यावर काय झालं, मला काडीची माहिती नव्हती. दाभोळच्या खाडीत, एवढे दोन शब्द मी ऐकले होते आणि त्यावर मालवणची सहल टाकली होती. माइकवर दोन सेकंद शांतता झाली तरी मला घाम फुटायचा. हातातल्या घड्याळात बघितलं, चार मिनिटं झाली. चार मिनिटांनी तो म्हातारा म्हणाला, "दमलीस काय? ऱ्हांव दे. घाय नाय. भरतीला येळ हाय." आणि पुन्हा थांबला.

बस, हाच तिचा खेळ. चाळीस कुप्या, एवढी वीज, एवढी अक्कल वापरून मशीनने शोधून काय काढलं, तर बायकोला एवढंच हवं होतं. कुणीतरी 'मग?' म्हणावं आणि गप्प बसावं. ते म्हणायला मी चौतीस वर्षं तिच्या शेजारी होतो. मी चष्मा काढला तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

शेजारी वैजू ताठ बसली होती. ओठ बंद.

आम्ही वर गेलो. तिने कॉफी घेतली नाही, मीही नाही. पट्टा बदलल्याचं तिला कळलं होतं. तिने भांडायला हवं होतं, मला ते सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या खेळात हजार माणसं होती. सगळी तोंड मिटून बघत होती. मी एकेक रांग शोधली. त्यात मी नव्हते."

"तुझ्यातही मी नव्हतो," मी म्हटलं.

"नव्हतात," ती म्हणाली.

मग तिने माझ्या हातातला पट्टा घेतला आणि दोरा परत बांधला. मी घाईघाईने विचारलं, त्या होडीचं काय झालं? तर म्हणाली, त्याने विचारलं म्हणून तुम्ही विचारताय. 

शेवटच्या सकाळी तिने फॉर्मवर सही केली. मी भांडायची सगळी तयारी फॉर्म बघितल्यापासून करून ठेवली होती, ती तशीच राहिली. शेफालीने विचारलं, काका तुमचं? मी म्हटलं, पुसून टाक.

घरी आल्यावर मशीन स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी बसलं. वैजू चार वाजता तिची धुराची कॉफी घेते, मागच्या गॅलरीत खुर्ची टाकते, चष्मा लावते. पाच वाजेपर्यंत तिचे ओठ हलत असतात. मी ओट्याशी उभा राहून माझी जायफळाची कॉफी करतो. अख्खा कप मला जात नाही, कधी गेलाच नाही. सवयीने अर्धी बशीत ओततो. तिच्यावर साय धरते. मग ती मोरीत ओतून बशी विसळून ठेवतो. पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि रोज चार वाजता हेच. स्टँडवरच्या काचेच्या खोलीतही मी एकटाच असायचो, पण तेव्हा ते मला कळत नव्हतं.

त्याच दिवसांत मी थांबायला शिकत होतो. हसू नका, फार अवघड आहे. समोरचा बोलायचा थांबला की आतून शब्द असे उसळतात की दात दाबून धरावे लागतात. ऋतुजाचा फोन आला की तिचं वाक्य संपल्यावर मी मनात दहा मोजायचो. दुसऱ्याच फोनला ती म्हणाली, बाबा, रेंज गेली का? भाजीवालीने मला तब्येत विचारली. वैजूला मी रोज रात्री जेवताना विचारायचो, आज काय झालं? ती म्हणायची, काही नाही. मी मोजायचो. तीस, चाळीस. ती ताट उचलून आत जायची. मी तिला दोष देत नाही, तिचं बोलणं चार ते पाचमध्ये संपलेलं असायचं.

मग मार्चमध्ये, ऊन तापायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. साडेचारला मी ओट्याशीच होतो. वैजू गॅलरीतून आत आली. चष्मा आणि कानातलं बोंडूक तिच्या हातात होतं. इतक्या महिन्यांत ती मध्येच कधी उठली नव्हती. तिने दोन्ही वस्तू फ्रिजवर ठेवल्या. मशीनकडे गेली नाही. गॅसवर पातेलं ठेवलं, पाणी, कॉफी, गुळाचा खडा. धूर काही आला नाही, गॅसला कुठला धूर. उकळी आल्यावर तिने पाटणचा तो कप काढला, भरला, आणि अर्धी बशीत ओतली. बशी माझ्यापुढे सरकवली. कप आपल्याकडे ठेवला.

"सुरुवात त्याला सांगून झाली," ती म्हणाली. "ती आता परत सांगता यायची नाही. रोज म्हणतो, भरतीला वेळ आहे. भरती येऊच देत नाही तो. म्हणून पुढचं तुम्हाला सांगते."

मी बशी दोन्ही हातांत धरली.

मग तिने सांगितलं. भरती आली तेव्हा पाणी आधी वाळूच्या घड्यांतून आलं, मग फळ्यांखाली बुडबुडे वाजले, आणि होडी एकदम सरळ झाली. म्हातारा जुना खलाशी, मोठ्या बोटींवर काम केलेला, कॉफीची सवय तिथलीच. सहा तास त्याने तिला करवंटीतून कॉफी दिली आणि ती शाळेतलं, घरातलं, मेलेल्या भावाचं, सगळं सांगत बसली होती. तिला एक भाऊ होता आणि तो लहानपणी गेला, हे मला माहीत नव्हतं. मी चौतीस वर्षं तिचा नवरा आहे आणि मला ते माहीत नव्हतं. मी दात दाबून धरले. पलीकडच्या काठावर तिची आत्या रडत उभी होती. म्हाताऱ्याने वैजूला उचलून चिखलापलीकडे ठेवलं आणि म्हणाला, राहिलेलं परत येशील तेव्हा सांग.

"मी परत कधी गेलेच नाही," वैजू म्हणाली, आणि थांबली.

बशीतली कॉफी कडू होती, गूळ खाली बसला होता. मला ती अजूनही आवडत नाही. मी हळूहळू पीत राहिलो, कारण ती संपली असती तर उठावं लागलं असतं. मनात आकडे आले नाहीत. घड्याळाकडेही मी बघितलं नाही.

"मग?" मी म्हटलं.

तिने कप गोल फिरवून तळाची कॉफी हलवली.

"मग काय. मग तुमच्याशी लग्न झालं," ती म्हणाली, आणि कपात उरलेली कॉफी तिने माझ्या बशीत ओतली.